मामाची कढई आणि व्हायवातला प्रश्न

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हीट ट्रान्सफरची व्हायवा होती. बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी उठता उठता शेवटचा प्रश्न टाकला, "गुरुत्वाकर्षणच नसेल तर पाणी उकळेल का रे?"

मला रोह्सेनाऊचं सूत्र पाठ होतं. अर्थ वगैरे नाही, नुसतं पाठ. त्यात 'जी' वर्गमुळात बसलेला असतो आणि बाकी सगळ्याला गुणतो. म्हणजे जी शून्य केला की उजवीकडचं सगळंच शून्य. मी ठोकून दिलं, "नाही सर. हीट ट्रान्सफर शून्य." सरांनी मान डोलावली, मार्क दिले आणि पुढचा रोल नंबर आत बोलावला.

पुढे कॅम्पसमधून आयटीत आलो. हीट ट्रान्सफरचं जाडजूड पुस्तक ज्युनिअरला निम्म्या किमतीत विकलं. 'जी'शी माझा संबंध संपला असं मला वाटत होतं. तो परत जुळला एका लाँग वीकेंडला, मामाच्या खवा भट्टीवर. आणि मग कळलं की व्हायवातलं माझं उत्तर सूत्राप्रमाणे बरोबर होतं, पण जगाप्रमाणे चूक. ही चूक माणसाच्या लक्षात कशी आली, त्याचीच ही गोष्ट. थोडी लांबेल, चहा घेऊन बसा :-)

आमच्या मामाचं गाव भूम तालुक्यात, जिल्हा धाराशिव. (शाळेत असताना पत्त्यावर उस्मानाबाद लिहायचो. २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव.) जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांना तुळजाभवानी आठवते, फार तर उस्मानाबादी शेळी. पण सोलापूर-धुळे हायवेने जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट पक्की माहीत असते, ती म्हणजे कुंथलगिरीचा पेढा. कुंथलगिरी हे मुळात जैनांचं सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली इथेच सल्लेखना घेतली. यात्रेकरू येतात डोंगरावरच्या मंदिरांसाठी आणि जाताना पिशवीत खवा-पेढा असतो. २०२४ साली कुंथलगिरीच्या खव्याला जीआय मानांकनही मिळालं.

खवाच का? तर बालाघाटच्या या पठारावर पावसाचा भरवसा नाही. शेतीला जोड म्हणून घरोघरी जनावरं. दूध निघतं, पण ते नासतं. जवळ मोठं शहर नाही, आणि गावोगावी दूध थंड करायची सोय असण्याच्या आधीचा काळ धरा. अशा वेळी दूध टिकवायचा एकच उपाय, त्यातलं पाणी काढून टाका. म्हशीच्या दुधातही ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. एक किलो खव्याला साधारण पाच लिटर दूध लागतं. म्हणजे किलोमागे जवळजवळ चार लिटर पाणी हवेत सोडून द्यायचं. खव्याचा धंदा म्हणजे खरं तर पाणी उकळवून घालवायचा धंदा.

पाणी घालवणं स्वस्त नसतं. एक किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. बसमध्ये मोबाईलवर हिशोब केला : दूध तापवणं धरून किलोभर खव्याला दहा हजार किलोज्यूलच्या वर उष्णता. उघड्या भट्टीत जळणाची जेमतेम पंधरा टक्के उष्णता कढईत जाते असं धरलं, तर एक किलो खव्यामागे चार-साडेचार किलो वाळलं लाकूड. बाकीचं सगळं धुरात, भिंतीत आणि मामाच्या डोळ्यांत.

तर, मामाने माझ्या हातात लांब दांड्याचं उलथनं दिलं आणि कढईपुढे उभं केलं. सुरुवातीला मजा वाटली. दूध आधी सळसळलं, मग खळखळलं. पातळ दूध असेपर्यंत फक्त उतू जाऊ नये एवढंच बघायचं, बाकी ते आपलं आपण उकळतं. तासाभराने ते घट्ट व्हायला लागलं आणि खळखळ थांबून रटरट सुरू झाली. आता बुडबुडे वर यायचे ते जड, सावकाश, चिखलातून आल्यासारखे. फुटताना हातावर चटका. मी फोटो काढायला मोबाईल काढला तर मामा ओरडला, "फोटो काय काढायलास? हात चालव. थांबलास की लागलंच बुडाला."

"पण मामा, आधी एवढं हलवावं लागत नव्हतं. आता जाळ तर कमी केलाय तुम्ही. मग आताच जास्त का हलवायचं?"

"आरं, पातळ असतंय तवर वाफ आपली आपण निघून जातीय. घट्ट झालं की तिला वाट करून द्यावी लागतीय."

वाट करून द्यावी लागते. खांदा भरून आला होता, डोळ्यांत धूर होता, आणि डोक्यात एकदम ती व्हायवा आली. पाण्यातून वाफेला वाट कोण करून देतं? गुरुत्वाकर्षण! आणि ते नसेल तर? उकळणं बंद होतं, की फक्त वाट बंद होते? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी त्या एकच समजून मार्क घेतले होते.

परत आल्यावर दोन-तीन वीकेंड याच नादात गेले.

आधी बुडबुड्याबद्दल. कढईच्या बुडाला डोळ्यांना न दिसणारे ओरखडे आणि खड्डे असतात, त्यांत वाफेचा बुडबुडा जन्म घेतो. पृष्ठताण त्याला बुडाशी चिकटवून धरतो. तो फुगत जातो. एका ठरावीक आकाराला उचल जास्त होते, मग तो सुटतो आणि वर जातो. 'वर जातो' असं आपण म्हणतो, पण बुडबुड्याला वर-खाली काही कळत नाही. वाफेपेक्षा पाणी सोळाशे पट जड असतं. गुरुत्वाकर्षण पाण्याला खाली ओढतं, ते बुडबुड्याच्या खाली घुसतं आणि बुडबुडा वर ढकलला जातो. रिकाम्या झालेल्या जागी ताजं पाणी येतं, नवा बुडबुडा तयार होतो. हे चक्र चालू आहे तोवर बूड थंड राहतं आणि पाण्याला उष्णता मिळत राहते. एक किलो खव्यासाठी घालवलेल्या चार लिटर पाण्याची वाफ होते साडेसहा हजार लिटरच्या वर. तिला वाट मिळाली नाही तर काय होईल याचा अंदाज करा.

वाट बंद झाल्यावर काय होतं याची पहिली नीट नोंद सापडते १७५६ सालची, म्हणजे पानिपताच्याही पाच वर्षं आधीची. जर्मनीतल्या ड्यूसबर्गच्या योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट नावाच्या डॉक्टरने लोखंडी पळी लालबुंद तापवली आणि तिच्यात पाण्याचा थेंब टाकला. आपल्याला वाटेल, चर्र करून क्षणात उडेल. पण तो थेंब गोळी होऊन अर्ध्या मिनिटाच्या वर गरगरत राहिला. पळी थोडी निवल्यावर मात्र तसाच थेंब झटकन उडाला. आपल्या आयांना हे लॅटिन ग्रंथाशिवाय माहीत आहे. धिरडं टाकण्याआधी तव्यावर पाणी शिंपडतात, थेंब नाचले की तवा तापला. तो नाचतो कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते. वाफ उष्णतेची वाईट वाहक, म्हणून थेंब वाचतो. तवा जास्त गरम आणि उष्णता कमी पोचते. उलटंच!

हे कोडं आकड्यांत पकडलं ते शिरो नुकियामा यांनी, १९३४ साली, जपानमधल्या सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात. त्यांनी पाण्यात एक बारीक तार बुडवली आणि तिच्यातून वीज सोडली. तारेचा विद्युतरोध तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणजे तीच तार हीटर आणि तीच थर्मामीटर. काय डोकं आहे बघा. वीज वाढवत गेले. बुडबुडे वाढले, उष्णता भराभर पाण्यात जाऊ लागली, पण तारेचं तापमान मात्र थोडंसंच वाढलं. आणि मग एका मर्यादेला किंचित वीज वाढवली, तर निक्रोमची तार चक्क वितळून तुटली. पाण्यात बुडालेली तार! त्याहून जास्त तापमानाला वितळणारी प्लॅटिनमची तार घेतली, ती वाचली, पण तिच्या तापमानाने एका झटक्यात हजार अंशांच्या पलीकडे उडी मारली. वाफ इतकी झाली होती की तारेभोवती तिचंच पांघरूण बनलं. लायडेनफ्रॉस्टच्या थेंबाखालची गादीच ती, फक्त आता तारेला गुंडाळलेली.

त्या शोधनिबंधातल्या आलेखाला आज 'बॉइलिंग कर्व्ह' म्हणतात आणि तो प्रत्येक मेकॅनिकलवाला परीक्षेत काढतो. निबंध जपानी भाषेत होता. त्याचं इंग्रजी भाषांतर एका मोठ्या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये छापून आलं १९६६ साली, बत्तीस वर्षांनी. आपल्या भाषेत विज्ञान लिहिलं तर कोण वाचणार, असं विचारणाऱ्यांसाठी नोंद करून ठेवतो.

नुकियामांच्या आलेखावरचं ते टोक, जिथे तार तुटते, त्याला 'क्रिटिकल हीट फ्लक्स' म्हणतात. साध्या पाण्यासाठी हा आकडा चौरस मीटरला सुमारे १.१ मेगावॅट. हे टोक कुठे येणार हे आधी सांगता येणं १९५०च्या दशकात फार गरजेचं झालं, कारण अणुभट्ट्या आल्या. तिथे तार तुटण्याचा अर्थ फार वेगळा होता. सोव्हिएत रशियात कुटाटेलाड्झे यांनी १९४८च्या सुमारास सूत्र मांडलं. अमेरिकेत नोवाक झूबर यांनी १९५९च्या प्रबंधात त्यामागचं कारण सांगितलं.

कारण असं. आपल्या एसटी स्टँडवर बस लागते. एकच दार. चार जण उतरत असतील तर कडेकडेने चार जण चढू शकतात. पण उतरणाऱ्यांचा लोंढा इतका वाढला की दार पूर्ण भरलं, तर खालचा एकही माणूस चढू शकत नाही. उकळत्या पाण्यात वाफ वर 'उतरत' असते आणि पाणी खाली 'चढत' असतं. वाफेचे झोत एका वेगापुढे गेले की पाण्याची वाट बंद होते आणि बूड कोरडं पडतं. वाफेला वर आणि पाण्याला खाली कोण नेतंय? गुरुत्वाकर्षण. म्हणून झूबरच्या सूत्रात जी येतो, तो चौथ्या मुळात. चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, तर ही मर्यादा पृथ्वीच्या ६४ टक्क्यांवर येते. एक षष्ठांश होत नाही, हे लक्षात घ्या.

आणि माझं पाठ केलेलं सूत्र? ते एमआयटीच्या वॉरन रोह्सेनाऊ यांचं, १९५२ सालचं. त्यात जी कुठून आला? बुडबुडा किती मोठा झाल्यावर सुटतो याचा हिशोब फ्रिट्झ यांनी १९३५ साली मांडला होता, तिथून. गुरुत्वाकर्षण कमी तर बुडबुडा सुटायला जास्त मोठा व्हावा लागतो. पाण्यासाठी पृथ्वीवर या हिशोबातली मोजपट्टी येते अडीच मिलिमीटर. चंद्रावर सहा मिलिमीटर. आणि गुरुत्वाकर्षण एक लाखांश केलं, तर जवळपास ऐंशी सेंटिमीटर! म्हणजे मामाच्या कढईएवढा एकच बुडबुडा. इथेच सूत्राचं काहीतरी बिनसतंय हे दिसायला हवं होतं.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगतो. ही सगळी सूत्रं पृथ्वीवरच्या प्रयोगांशी जुळवलेली होती. दाब बदलून पाहिला, द्रव बदलून पाहिला, पृष्ठभाग बदलून पाहिला, पण जी सगळीकडे ९.८१. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत गेलात तरी त्यात अर्ध्या टक्क्याचाच फरक. म्हणजे व्हेरिएबल म्हणून लिहिलेला, पण प्रत्यक्षात हार्डकोडेड असलेला कॉन्स्टंट. त्याच्यावर एकही टेस्ट केस चाललेली नाही. आणि आपण थेट शून्य टाकून आउटपुट विचारतोय, आणि जे आलं ते खरं मानतोय.

टेस्ट केस चालवायची गरज पडली अवकाश स्पर्धेमुळे. रॉकेटच्या टाकीतला द्रव हायड्रोजन वजनरहित अवस्थेत कसा उकळेल हे ठाऊक नसेल तर इंजिन पुन्हा सुरू कसं करणार? मग सुरू झाले पाडापाडीचे प्रयोग. मुक्तपणे खाली पडणाऱ्या वस्तूच्या आत वजन नसतं, म्हणून उकळतं भांडं कॅमेऱ्यासकट खाली सोडायचं. १९५९ साली नासाच्या क्लीव्हलंड इथल्या संशोधन केंद्रातले सीगेल आणि उसिस्किन यांनी ते केलं. वेळ मिळाला एका सेकंदापेक्षाही कमी. तेवढ्यात दिसलं की बुडबुडे वर पळत नाहीत, तापलेल्या पृष्ठभागाजवळच घुटमळतात. मग १९६६ साली त्याच केंद्राने १३२ मीटर खोल पडता येईल अशी विहीरच बांधली. तिच्यात मिळतात पाच सेकंद. त्याच वर्षी ५ जुलैला सॅटर्न रॉकेटची एएस-२०३ ही मोहीम गेली, माणूस नाही, चंद्र नाही, टाकीच्या आत टीव्ही कॅमेरा लावून द्रव हायड्रोजन कसा वागतो हे बघण्यासाठी.

पण पाच सेकंदांत पाणी 'उकळतंय' म्हणायलाही जमत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या हर्मन मर्टे यांनी हा प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला. १९६४ साली ते कमी गुरुत्वाकर्षणात द्रव नायट्रोजन उकळवत होते, आणि १९९२ साली त्यांचा उकळण्याचा प्रयोग स्पेस शटलमधून अवकाशात गेला. अठ्ठावीस वर्षं! आपण दोन वर्षांत प्रोजेक्ट बदलून मागतो. जर्मनीत म्युनिकचे योहान्नेस स्ट्राउब हेच काम करत होते. आणि या सगळ्यांना दिसलं ते माझ्या व्हायवातल्या उत्तराच्या अगदी विरुद्ध होतं.

वजनरहित अवस्थेत द्रव उकळतो. मंद आच असेल तर पृथ्वीइतकाच चांगला, कधीकधी किंचित जास्तच चांगला.

कारण उष्णता नेण्याचं मोठं काम बुडबुडा वर जाताना होतच नाही. ते त्याच्या बुडाशी, भांड्याला चिकटलेल्या द्रवाच्या अतिशय पातळ थरात होतं. तो थर वाफ होऊन उडतो तेव्हा उष्णता शोषली जाते, आणि त्याला गुरुत्वाकर्षणाशी देणंघेणं नाही. आच वाढवली की मात्र खेळ बदलतो. बुडबुडे जात नाहीत, एकमेकांत मिसळतात, मोठा होऊन एकच बुडबुडा पृष्ठभाग व्यापतो आणि बूड कोरडं पडतं. तार तुटायची वेळ फार लवकर येते.

२०११ साली हे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नीट पाहिलं गेलं. दोन प्रयोग होते, एक मेरीलंड विद्यापीठाच्या जंगहो किम यांचा आणि दुसरा लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधले, मूळचे भारतीय, विजय धीर यांचा. धीर यांनी अॅल्युमिनियमच्या चकतीवर मुद्दाम पाच बारीक खड्डे केले होते, म्हणजे बुडबुडे नेमके तिथेच जन्मतील. ते जन्मले, वाढले, आणि जवळच्या मोठ्या बुडबुड्यात जाऊन विरघळले. तो मोठा बुडबुडा तिथेच बसून राहिला, एखाद्या वाड्याच्या मालकासारखा.

थोडक्यात, उकळायला गुरुत्वाकर्षण लागत नाही. वाफेला वाट करून द्यायला लागतं. मामा बरोबर, माझं सूत्र चूक. म्हणजे सूत्र त्याच्या जागी ठीकच आहे, चूक ते भलतीकडे वापरणाऱ्याची.

एकदा हे लक्षात आलं की पुढचा इतिहास सरळ दिसतो : गुरुत्वाकर्षण नसेल तर त्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. अमेरिकेत रिचर्ड गॉग्लर यांनी १९४२ साली पेटंटसाठी एक कल्पना मांडली होती, की कंदिलाच्या वातीत जसं रॉकेल चढतं तसा द्रव वातीसारख्या सच्छिद्र थरातून तापलेल्या टोकाकडे खेचून आणायचा. ती बाजूला पडली. १९६३ साली लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे केली आणि तिला 'हीट पाइप' नाव दिलं. एका टोकाला द्रव उकळतो, वाफ थंड टोकाला जाते, तिथे पुन्हा द्रव होतो आणि वातीतून परत येतो. १९६७ साली पहिली हीट पाइप पृथ्वीच्या कक्षेत गेली. पर्ड्यू विद्यापीठाच्या इसाम मुदावर यांनी पंपाचा मार्ग धरला. द्रव जोरात वाहता ठेवायचा, प्रवाहच बुडबुड्यांना खेचून नेईल. त्यांचा प्रयोग २०२१ साली अवकाश स्थानकावर गेला.

तुम्ही हे लॅपटॉपवर वाचत असाल तर बहुधा तुमच्या तळहाताखाली तांब्याची एक चपटी नळी आहे. तिच्यात थोडंसं पाणी, कमी दाबाखाली, म्हणून शंभर अंशांच्या खूप आधीच उकळतं. प्रोसेसरच्या डोक्यावर सतत एक छोटी कढई चालू आहे, आणि वात तिचा मामा आहे. लॅपटॉप आडवा धरा, उभा धरा, बेडवर झोपून उलटा धरा, ती चालते. गुरुत्वाकर्षणावर विसंबली असती तर झोपून कोडिंग करणाऱ्या आपल्या पिढीचं काही खरं नव्हतं.

२०२५च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकावर गेले तेव्हा सोबत गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस घेऊन गेले होते. आपण सगळ्यांनी ते कौतुकाने पाहिलं. मी पाहिलं तेव्हा मामाची भट्टी आठवली. हलवा तिथे खाता येतो, करता येत नाही. स्थानकात हवेचा दाब आपल्या समुद्रकिनाऱ्याएवढाच ठेवलेला असतो, म्हणजे पाणी उकळायचं तापमान तेच, शंभर अंश. मामाकडे पठारावर हवा विरळ, तिथे ते अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. म्हणजे तापमानाची अडचण नाहीच. कढईत दूध घातलं तर वाफ बुडाशीच साठेल, दूध तिच्यावर उचललं जाईल, आणि खाली करपेल. उतू जायलासुद्धा 'वर' अशी दिशा लागते.

दिवाळीत परत मामाकडे गेलो होतो. सगळं सांगितलं. सेंदाईची तार, १३२ मीटरची विहीर, अवकाशातला बुडबुडा. मामाने नेहमीप्रमाणे हात न थांबवता ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजी तिथं सुरुवातीपासनंच हलवायला लागतंय म्हण की."

आणि हे तंतोतंत बरोबर आहे. पातळ दुधात पृथ्वी स्वतः उलथनं फिरवत असते, फुकट, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. दूध घट्ट झालं की चिकटपणा तिच्यावर मात करतो, बुडबुडा अडकतो, आणि तिथून पुढचं काम माणसाच्या खांद्यावर येतं. शेवटच्या अर्ध्या तासाचा खवा हा मामासाठी जवळजवळ अवकाशातला प्रयोग असतो, फक्त धुरासकट. वाफेवर चालणारी, आत सतत खरवडत फिरणारी पाती असलेली खव्याची यंत्रं आता मिळतात. ती नेमकं हेच काम करतात, आणि जळणही वाचवतात. मामा गेली दोन वर्षं कर्जाचा हिशोब घालतोय. खांदा दुखतो म्हणून रात्री झोप लागत नाही, हे मामीने सांगितलं, त्याने नाही.

आता पेढ्याचा बॉक्स उघडतो तेव्हा चवीच्या आधी तो हिशोब डोक्यात येतो. किलोमागे साडेसहा हजार लिटर वाफ, आणि त्यातली शेवटची काही कुणाच्या तरी हाताने बाहेर काढलेली. त्या व्हायवाचे मार्क आता परत करता येत नाहीत. पण कुणी ज्युनिअर भेटला आणि हाच प्रश्न निघाला, तर त्याला म्हणेन, सूत्र नंतर बघू, आधी अर्धा तास उलथनं धर.

यंत्राच्या पहिल्या हप्त्याचं मी मामाशी बोललोय. अजून "बघू" म्हणतोय. बघू.